गुहेतलं गाऱ्हाणं

"श्वास सोडा, काकी, श्वास सोडा!" मी मागून ओरडत होते आणि शेवंतीकाकी तो आणखीच घट्ट धरून ठेवत होत्या.

गुहा व्हिएतनाममधली. मी गोव्यातल्या डिचोलीची, टूर मॅनेजर. ग्रुप तिथल्याच पेडणे तालुक्यातल्या हळर्ण गावचा, सगळी शेतकरी मंडळी. प्रोग्रॅममध्ये 'केव्ह ॲडव्हेंचर' घालायची हौस माझीच! हेल्मेटवर दिवे, पुढे तुआन नावाचा तिथला गाईड. स्क्वीझ येईपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. स्क्वीझ म्हणजे दोन खडकांमधली चिंचोळी फट, पोटावर सरपटत पार करायची. तुआननं बाहेर सगळ्यांना त्याच मापाच्या लाकडी चौकटीतून काढून बघितलं होतं. काकी त्यातून आरामात निघाल्या होत्या. म्हणजे अडचण अंगाची नव्हती, भीतीची होती. माणूस घाबरला की श्वास कोंडतो, छाती फुगते आणि तिथंच अडकतो. श्वास सोडला की सुटतो. सांगायला काय जातंय!

काकींच्या अंगाखालून गार पाणी वाहत होतं.

"रेस्क्यू टीम बोलावू?" मी तुआनला विचारलं.

"यायला संध्याकाळ होईल," तो पलीकडून म्हणाला. "एवढा वेळ या गारठ्यात त्यांना ठेवता येणार नाही."



काकींचे यजमान, सगुणकाका, आधीच पलीकडे पोचले होते. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते. म्हणजे एकानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. देवळात खडा आवाज, पण बायकोशी टूरभर बोलले ते "चाय घेतलंस?" एवढंच. ते चिखलात पालथे पडले, काकींकडे तोंड केलं आणि सुरूच झाले.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसशी, तुका हाक मारतंय!"

"व्हय म्हाराजा!" दोन्हीकडून ग्रुप गरजला.

"आज ही तुझी लेक शेवंती हय अडाकली आसा!"

माझ्यामागच्या बायका चमकल्या. काकांनी बायकोचं नाव घेतलं होतं, तेही चारचौघांत!

"व्हय म्हाराजा!" यात काकींचाही बारीक आवाज होता. जन्माची सवय, तोंड आपसूक उघडलं. आवाजाबरोबर श्वास सुटला. तुआननं हात धरून ओढलं, काकी वीतभर सरकल्या.

"तिना माझो संसार सांभाळल्यान, माझो तापट सभाव सोसल्यान, आणि मी कधी तिच्याकडे गोड बोलूक नाय!"

"व्हय म्हाराजा!" बायका जरा जास्तच जोरात. काकी त्यांच्याहून जोरात. आणखी वीतभर.

"तिच्याबगर माका घर नाय. तिका माझ्याकडे सुखरूप धाड रे…"

काकांचा आवाज कापरा झाला. पुढचं येईना. आम्हा कुणालाच ओ देता येईना.

"व्हय म्हाराजा," काकी एकट्याच म्हणाल्या, आणि सुळकन पलीकडे गेल्या.

बाहेर उन्हात चहा घेताना काकींनी विचारलं, "देवाक सांगलात, माका कधी सांगतलात?"

"घरात तू खंय अडाकतंस?" काका कपात बघत म्हणाले. मग स्वतःच्या हातानं काकींच्या केसांतला चिखल काढत बसले.

हल्ली केव्हच्या टूरला मी नवऱ्यांना आधी पलीकडे पाठवते. तुआन कारण विचारतो. मी सांगते, सेफ्टी.