वामनकाकांचा बेंजो

वामनकाका खोली भाड्याने देताना दोन अटी सांगायचे. नळ आला की आधी खालची टाकी भरेल, ही पहिली. दुसरी अशी की संध्याकाळी सहा वाजता घरातलं कोणीतरी एक जण अर्धा तास खाली ओसरीवर येऊन बसेल. "गानं येत असंन तं गा, नसंन येत तं ताली वाजवा. थेही नसंन जमत तं नुसतं बसा. पन या." मी खोली पाहायला गेले तेव्हा एवढं बोलून ते थांबले आणि माझं उत्तर येईपर्यंत किल्ली हातातच धरून राहिले.

मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत होते. माझे यजमान उन्हाळ्यात अचानक गेले होते. सकाळी बूट घालता घालता छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. सासरच्या घरात त्यांची प्रत्येक वस्तू दिसायची, म्हणून वेगळं राहायचं ठरवलं. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात समता कॉलनीतल्या एका डॉक्टरांकडे रिसेप्शनवर नोकरी मिळाली होती आणि गुढियारीच्या वस्तीत भाडं परवडत होतं. मी आणि माझी मुलगी रिया काकांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. ओसरीवर एका लाकडी पाटावर त्यांचा बेंजो ठेवलेला असे. आमच्याकडे बुलबुलतरंगाला बेंजोच म्हणतात. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. समोरच्या रस्त्यावरून गोदामांकडे जाणारे ट्रक सतत हॉर्न वाजवत असायचे, पण काकांना त्याचं काही वाटत नसे. वाजवायला सुरुवात करण्याआधी ते मान वळवून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे पाहत आणि विचारत, "डबे लागले काय सगळे?" समोरच्या घरातली दुलारी दीदी मटार सोलता सोलता म्हणायची, "हव काका, लग गे." मग गाडी सुटायची. कधी जुन्या सिनेमातलं गाणं, कधी भजन, कधी विहारात म्हणतात ते गीत, तर कधी दुलारीच्या गावाकडचं ददरिया. कोणाला शब्द आठवायचे नाहीत, कोणाचा सूर भलतीकडे जायचा. काका कोणालाच थांबवत नसत.

पहिले काही दिवस मी रियालाच खाली पाठवलं. ती वर येऊन सांगायची, "मम्मी, काका पूछ रहे थे, मम्मी कब आएगी." मी काहीतरी कारण सांगायचे. मग एका संध्याकाळी काका स्वतः जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी येऊन उभे राहिले.

"वनिताबाई, मंजिरा वाजवनारी दुलारी आज माहेरी गेली. मले मानूस कमी पडून राहिलं."

नाही म्हणता आलं नाही. मी खाली जाऊन बसले आणि पितळी मंजिऱ्याची जोडी हातात घेतली. दोन ओळी होत नाहीत तोच माझा ठेका काकांच्या पुढे पळायला लागला. त्यांनी वाजवता वाजवताच विचारलं, "तुमचा हात घाईत हाये. कुठी जायचं हाये?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मंग हळू."

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले. एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. काकांनी मला यजमानांबद्दल कधीच काही विचारलं नाही. त्या काळात भेटणारं प्रत्येक माणूस विचारायचं, कसं झालं, आधी काही त्रास होता का, आता पुढे काय. ओसरीवरही एखादी बाई सुरुवात करायची. काका तिला म्हणायचे, "पहिले ठेका धर माय, गोष्टी चहाच्या टायमाले." आणि चहा येईपर्यंत ती बाई स्वतःच्या सुनेवर घसरलेली असायची.

लोकांचे तंटे मिटवायची त्यांची पद्धतही अशीच होती. दुलारी आणि तिची धाकटी जाऊ एकाच अंगणात राहायच्या आणि पाण्याच्या पाइपावरून महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी ओसरीवर येत, पण दोन टोकांना बसत. काकांनी एका संध्याकाळी मंजिऱ्याची दोरी सोडली, एक झांज दुलारीच्या हातात दिली आणि दुसरी जावेच्या. म्हणाले, "आज मले दोघीचा ठेका पाहिजे." आता एका झांजेतून आवाज निघायचा कसा? दोघींना सरकत सरकत जवळ यावं लागलं. तोंड दुसरीकडे करून त्या एकमेकींच्या झांजेवर झांज आपटायला लागल्या, निम्म्या वेळा नेम चुकायचा. शेवटी जाऊच आधी हसली. पाइपाचं काय झालं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघी बरोबरच आल्या.

थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी काकांनी एक जुनं गाणं वाजवायला घेतलं. त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, पण माझे यजमान दाढी करताना तेच गुणगुणायचे, तेही चुकीच्या शब्दांत. सगळ्यांनी बरोबर शब्द म्हटले आणि मला यजमानांचे चुकीचे शब्द ऐकू आले. माझा हात थांबला. ते गेले त्या दिवशीही मी रडले नव्हते, तशी मी त्या ओसरीवर सगळ्यांसमोर रडले. दुलारी उठून माझ्याकडे यायला लागली. काकांनी मानेने तिला नको म्हटलं.

"तिचं होऊ दे," ते हळूच म्हणाले.

त्यांनी गाणं थांबवलं नाही आणि पुढेही नेलं नाही. पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. बाकीचेही तीच ओळ म्हणत राहिले, कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. ती ओळ माझ्याभोवती किती वेळ फिरत होती, कोण जाणे. मला रडू आवरतं घ्यायची गरज वाटली नाही, कारण कोणी माझ्यासाठी खोळंबलेलं नव्हतं. रडणं आपोआप संपलं. मी पदराने तोंड पुसलं आणि मंजिरा उचलला, तेव्हा कुठे काकांनी पुढचा अंतरा धरला.

त्या संध्याकाळी वर गेल्यावर रियाने विचारलं, "पापा का गाना था ना?" मी हो म्हटलं आणि तिला तिच्या वडिलांचे ते चुकीचे शब्द म्हणून दाखवले. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. ते गेल्यानंतर आमच्या घरात त्यांचं नाव घेऊन पहिल्यांदाच कोणी हसत होतं. त्यानंतर काका मला वनिताबाई म्हणायचे बंद झाले. "ये पोट्टी, बस," असं म्हणायला लागले.

काकांच्या पत्नी शांताकाकू मात्र ओसरीवर कधी येत नसत. त्या आत स्वयंपाकघरात बसायच्या आणि चहाबरोबर आपलं मत पाठवायच्या. "दुसऱ्या गान्यात तुमी मधातच चुकले," एवढंच बोलून कप ठेवून आत जायच्या. मला वाटायचं, त्यांना हा रोजचा दंगा आवडत नसावा. एका रविवारी आम्ही दोघी लालभाजी निवडत बसलो होतो, तेव्हा मी म्हटलं, "काकांनी किती लोकांना बरं केलं, नाही?"

काकू भाजीवरची नजर न काढता म्हणाल्या, "यायनं लोकाईले बरं कराले मांडलं असं वाटते काय तुले? स्वतःले बरं कराले मांडलं हे."

मग त्यांनी सांगितलं. काका नोकरीत असताना एकदा त्यांच्या गाडीखाली एक माणूस आला. गाडी थांबल्यावर काका कंदील घेऊन रुळाच्या कडेने पुढे गेले. तो माणूस जिवंत होता. मदत येईपर्यंत काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो पाणी मागत होता, गावाचं नाव सांगत होता. मदत आली, पण उशीर झाला होता. त्यानंतर काका घरी आले ते बोलेनासे झाले.

"जेवाले बसे तं घास हातातच राहे," काकू म्हणाल्या. "मी काय करू? लग्नात वाजवाचे म्हनून पेटीत बेंजो होता. मी थो काढला न समोर ठेवला. म्हटलं, बोलता येत नाही तं वाजवा. बाहीर बसून वाजवा, घरात मले आयकवत नाही. मंग शेजारचे येऊन बसाले लागले."

मी नंतर काकांना हे विचारलं. ते नखी सदऱ्याला पुसत म्हणाले, "हव. मले एकट्याले वाजवता येत नाही. एकट्याले वाजवलं की थो मानूस येऊन बसते. तुमी सारे असले की त्याले जागा भेटत नाही." आणि नेहमीसारखी मान वळवून सगळे आले का ते पाहायला लागले.

रिया दहावीत गेली त्या वर्षी काकांना लकव्याचा झटका आला. ते वाचले, चालायलाही लागले, पण डावा हात गेला. तो मांडीवर तसाच पडून असायचा. ज्या दिवशी दवाखान्यातून घरी आले, त्याच दिवशी त्यांनी बेंजो गवसणीत घालून कपाटावर ठेवायला सांगितला. आम्ही सहा वाजता गेलो तर म्हणाले, "बंद झालं थे." आम्ही म्हटलं, आम्ही नुसतं गातो, तुम्ही बसा. ते उठून आत गेले आणि टीव्हीवरच्या बातम्या मोठ्याने लावल्या. काही दिवस आम्ही चार जण ओसरीवर बसून पाहिलं. कोणी गाणं काढलं तरी दुसऱ्या ओळीत विरून जायचं. मग एकेक जण यायचा थांबला. काका जेवताना पुन्हा घास हातात धरून बसायला लागले, असं काकूंनी मला सांगितलं. त्यांचा चेहरा तेव्हा घाबरलेला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी मी कामावरून आले तर ओसरीवर पाट मांडलेला. काका खुर्चीवर तोंड फिरवून बसलेले आणि काकू पाटासमोर, बेंजोच्या कळांच्या बाजूला. मी त्यांना ओसरीवर बसलेलं पहिल्यांदा पाहत होते.

"तुमचा उजवा हात चांगला हाये ना?" काकू म्हणत होत्या. "तारा तुमी छेडा. कळा मी दाबतो."

"तुले काय येते?"

"जनमभर आयकून राहिली मी. तुमी कुठी कुठी चुकता थेही माहीत हाये."

काकांनी तोंड वळवून बेंजोकडे पाहिलं. मग खाली उतरून काकूंच्या उजवीकडे बसले आणि त्यांनी नखी घेतली. पहिल्या दिवशी जे वाजलं, त्याला गाणं म्हणता आलं नसतं. काकूंच्या बोटांना सूर ठाऊक होता, पण कळ ठाऊक नव्हती. त्या शोधत असायच्या तोवर काकांची नखी पुढे गेलेली असायची. "उशीर काहून करून राहिली?" काका म्हणायचे. "तुमीच घाई करून राहिले," काकू म्हणायच्या. ओसरीच्या कठड्याबाहेर उभी राहून दुलारी तोंडाला पदर लावून हसत होती. पण दोघं रोज बसायला लागली, दुपारीसुद्धा, जेवणं झाली की. होळीच्या सुमारास एक पूर्ण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं. त्या संध्याकाळी ओसरीवर बसायला जागा नव्हती, दुलारीची जाऊ आपल्या घरची सतरंजी घेऊन आली होती.

मला वाटतं, काकांचे सगळ्यांत सुखाचे दिवस हेच होते. दोघांचं भांडण आणि गाणं एकदमच चालायचं. एकदा ते मला म्हणाले, "पहिले मी वाजवो न ही आतून चुका काढे. आता चूक कोनाची थे समजतच नाही. लय बरं झालं." हे बोलताना त्यांचा डावा हात काकूंच्या गुडघ्यावर ठेवलेला होता. काकूच तो उचलून तिथे ठेवायच्या, लोंबकळू नये म्हणून.

मागच्या वर्षी, दुपारच्या झोपेतच काका गेले. नागपूरहून मुलगा-सून आले, सगळे विधी झाले, विहारातली माणसं येऊन गेली. मुलगा काकूंना आपल्याकडे चल म्हणाला. काकू म्हणाल्या, "मंग येतो." त्या रडल्या नाहीत असं नाही, पण आल्यागेल्याशी नीट बोलत होत्या. काका गेले त्या सकाळी वाजवताना काय म्हणाले, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. म्हणाले होते, तुझी बोटं आता माझ्यापेक्षा चांगली चालतात. आणि काकू म्हणाल्या होत्या, हे तुम्ही आधी काहून नाही सांगितलं.

मंडळी परत गेली. त्यानंतर एका संध्याकाळी मी दवाखान्यातून आले, फाटक उघडलं, तर ओसरीवरून टकटक असा बारीक आवाज येत होता. काकू एकट्याच पाटासमोर बसल्या होत्या आणि कळा दाबत होत्या. तारा कोणी छेडत नव्हतं, त्यामुळे सूर निघत नव्हता, नुसत्या कळा वाजत होत्या. कोणतं गाणं आहे ते मला त्यांच्या बोटांवरून ओळखू आलं. मी चपला काढल्या, पर्स खुंटीला टांगली आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले. नखी तिथेच पाटावर होती.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मले येत नाही काकू," मी म्हटलं.

"मले तरी कुठी येत होतं," त्या म्हणाल्या आणि पहिली कळ दाबून माझ्यासाठी थांबल्या.