शंभरच्या आत

माझे पप्पा एकतीस वर्षं गोल्फच्या बॅगा उचलत होते. स्वतःच्या नव्हे, साहेब लोकांच्या. विठ्ठलवाडीच्या चाळीतून पहाटे निघायचे, मुंबईतल्या एका जुन्या क्लबात जायचे आणि तिथे कुणाच्या तरी मागे अठरा होल चालायचे. हे मी कधी लपवलं नाही. कॉलेजात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सरळ ‘कॅडी’ म्हणायचे. समोरच्याला कळलं नाही तर समजावून सांगायचे. त्यांच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा घट्टा पडला होता. त्या घट्ट्यातून मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मग लाज कशाची?

आज मी आनंदनगर एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलची प्रमुख आहे. बदलापूरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, आई-पप्पांना मी तिथेच आणलं. लग्न केलं नाही. तो विषय वेगळा, आणि माझ्यापुरता संपलेला. हे सगळं मी मिरवते. मिरवायचा हक्क वाटावा एवढे कष्ट केलेत.

आणि जे मिळवलं ते आवाक्याबाहेरचं ठरवूनच मिळवलं. दहावीला सगळे म्हणत होते, पास झालीस तरी खूप. मी ऐंशी टक्के ठरवले, अठ्ठ्याहत्तर पडले. नुसतं पास ठरवलं असतं तर नुसती पास झाले असते. हा माझा हिशोब, आणि तो मी कंपनीत नव्या पोरांनाही सांगत आले.

गोल्फ माझ्या आयुष्यात आलं ते आमच्या मोठ्या साहेबांमुळे. त्यांनी एका वर्षी ठरवलं की सगळ्या विभागप्रमुखांनी वर्षातून एकदा मैदानावर एकत्र खेळायचं. बदलापूरच्या पुढे एका मोठ्या गृहसंकुलाचं नऊ होलचं मैदान आहे, तिथे. नऊ होल दोनदा खेळायचे, म्हणजे अठरा. मीटिंगमध्ये मी एकटी बाई. एक जण म्हणाला, “मॅडम, तुम्ही स्कोअर लिहा, सावलीत बसून.” मी म्हटलं, “माझे वडील कॅडी होते. तुम्ही तुमचा बॉल सांभाळा.”

घरी आले आणि पप्पांना सांगितलं, वर्षभरात शंभरच्या आत यायचंय. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितका खेळ चांगला. अठरा होल शंभर फटक्यांच्या आत संपवणं हे शिकाऊ माणसाचं स्वप्न असतं.

पप्पा चहा पीत होते. ते एवढे हसले की चहा बशीत सांडला.

“अगं बाय, शंभर? माझे एक शेठ होते. बावीस वर्षं खेळले. शेवटी वर गेले, पण शंभरच्या आत नाही आले.”

“मग मी काय ठरवू?”

“यंदा एवढंच ठरव, स्टिक हवेत फिरवायची नाही. बॉलला लागली पाहिजे.”

“हे काय टार्गेट झालं का?”

“गोल्फमध्ये हेच टार्गेट. पुढच्या वर्षी सरळ मार. त्याच्या पुढच्या वर्षी लांब.”

आतून आई ओरडली, “तोवर मी फोटोत जाईन. माझ्या पोरीचा कप कोण बघणार?”

मी शंभरावरच अडून बसले. पप्पांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नाही. “ठीक आहे, शंभर तर शंभर,” म्हणाले. तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. दर शुक्रवारी आम्ही दोघं स्कूटरवरून जायचो. मी ट्रॉली घ्या म्हटलं की ते ऐकायचे नाहीत, बॅग खांद्यावरच. मैदानावर पप्पा वेगळे दिसायचे. घरात ते कुणाच्या पायात येऊ नये असे कडेकडेने चालत. तिथे गवताची चार पाती उपटून हवेत सोडायचे, वारा बघायचे आणि न बोलता मला योग्य ती स्टिक काढून द्यायचे. मी फटका मारला की ते पुढे निघालेले असायचे. कुठे पडला ते मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचं. तरुणपणी त्यांनी ‘आगेवाला’ म्हणून सुरुवात केली होती, म्हणजे पुढे जाऊन उभं राहायचं आणि साहेबांचा बॉल कुठे गेला तेवढंच बघायचं. माझा बॉल झुडपात गेला की ते आत शिरायचे आणि लगेच हाक यायची, “मिळाला, मिळाला! चांगल्या जागी आहे!”

माझं नशीब तरी किती चांगलं, असं मला वाटायचं. उंच गवतात गेलेला बॉलसुद्धा नेहमी मोकळ्या जागी बसलेला.

दहाव्या महिन्यात अठ्ठ्याण्णव झाले. कार्डावर आकडा मी दोनदा गिरवला. त्या दिवशी मी मुद्दाम उल्हासनगरला गेले, पप्पांना आवडतं म्हणून दाल-पकवान बांधून आणलं, आणि कार्ड फ्रिजवर चिकटवलं. पप्पा पकवान मोडत म्हणाले, “खूश ना तू?” मी म्हटलं, “खूश काय, पुढच्या वर्षी नव्वद.” ते खाली मान घालून खात राहिले.

मग कंपनीचा दिवस आला. तिथे कॅडी मैदानाने दिलेले, अनोळखी. मी एकशे एकवीस फटके मारले. सहा बॉल हरवले. ज्याने मला सावलीत बसायला सांगितलं होतं त्याचे एकशे सात झाले. मोठे साहेब म्हणाले, “होता है, होता है,” आणि ते ‘होता है’ मला टोचलं.

घरी येऊन मी बॅग दारातच टाकली. “पप्पा, तुमच्याबरोबर खेळते तेव्हा माझा एकही बॉल हरवत नाही. असं कसं?”

ते टीव्ही बघत होते. आवाज बारीक केला.

“खिशात एक-दोन बॉल ठेवतो मी. तुझ्या बॉलच्याच कंपनीचे.”

“आणि गवतातला बॉल?”

“पायाच्या अंगठ्याने थोडा सरकवायचो. थोडाच. आम्ही सगळे करायचो गं. साहेब खूश झाले तर सगळ्यांचा दिवस बरा जातो.”

“मी काय तुमची साहेब आहे?”

“तुला शंभरच्या आत पाहिजे होतं,” पप्पा म्हणाले. त्यात कुरकुर नव्हती. एवढं साधं होतं त्यांच्यासाठी.

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. फसवलं म्हणून. मी कुणाची फसवणूक खपवून घेत नाही असा माझा लौकिक आहे. ज्याने आयुष्यभर कुणाला ‘तुमचा खेळ वाईट झाला’ असं तोंडावर सांगितलं नाही, त्या माणसाला मी आकडा मागितला होता आणि त्याने तो आणून दिला होता, हे मला त्या आठवड्यात सुचलं नाही. नंतर अबोला आपोआप गेला. शुक्रवारचं जाणं मात्र बंद पडलं.

डिसेंबरात पप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. हॉस्पिटलात बारा दिवस, मग घरी. बोलणं थोडं जड झालं, पण कळायचं. उजवा पाय ओढत चालायचे, उजव्या हाताची बोटं मिटलेली. डॉक्टर म्हणाले, चालवा, पण बेताने. फिजिओची बाई म्हणाली, रोजचं थोडं थोडं बघा, लांबचं ठरवू नका.

मी लांबचं ठरवलं. बुद्धपौर्णिमेला पप्पा घरापासून विहारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाणार. साडेचार महिने हातात होते. कंपनीत प्रत्येक मशीनवर तक्ता टांगलेला असतो. तसाच मी पॅसेजच्या भिंतीवर टांगला. बेडरूमच्या दारापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं, ती एक फेरी. सकाळच्या फेऱ्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. मी दिवसभर कंपनीत, त्यामुळे फेऱ्या पप्पांनी करायच्या आणि आकडे आईने लिहायचे.

आकडे चढत गेले. सहा, नऊ, पंधरा. फेब्रुवारीत दिवसाला तीस. मी लॅबमध्ये फोनवर मावशीला सांगायचे, नातेवाइकांना सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी सांगायचे, “पप्पा तीसवर गेले.” घरी आले की ते खुर्चीत बसलेले दिसायचे. मला वाटायचं, दमले असतील. तीस फेऱ्या म्हणजे काय कमी झाल्या?

मार्चमध्ये एक दिवस बॉयलरच्या तपासणीसाठी कंपनी अर्ध्या दिवसात सुटली. मी साडेबाराला घरी. आई तांदूळ निवडत होती, पप्पा खुर्चीत डोळे मिटून. बूट काढता काढता माझी नजर तक्त्यावर गेली. संध्याकाळचा रकाना भरलेला होता. चौदा.

लॅबमध्ये कुणी तपासणी न करता आकडा भरला तर मी त्याला मेमो देते. असा आकडा मला लांबून ओळखता येतो. तीन महिने माझ्या घरच्या भिंतीवर होता आणि ओळखला नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला ठेवलं. “त्यांना नको बोलूस. लिहिते मीच.”

“खऱ्या किती होतात?”

पप्पांनी डोळे उघडले. “चार. पाचवीला डोळ्यापुढे अंधारी येते. मग बसतो.”

“कधीपासून?”

“आधीपासूनच.”

“अहो, मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? मला का नाही सांगितलंत?”

“तू फोनवर सांगायचीस ना सगळ्यांना. ही सांगायची मला, पोरगी खूश आहे.” ते अर्ध्या तोंडाने हसले. “ऐकायला बरं वाटायचं.”

या वेळी रागावता आलं नाही. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. मेमो द्यायचाच तर कुणाला द्यायचा होता ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, हृदयाचे ठोके मध्येच चुकतात म्हणाले, गोळ्या बदलल्या. “ही अंधारी आधी कळली असती तर...” एवढं बोलून ते कागदावर लिहायला लागले. वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही.

तक्ता मी काढून टाकला. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली. मग एका शुक्रवारी, आम्हा दोघांपुरताच चहा करून, मी पप्पांना विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. “पप्पा, तुम्हाला काय करावंसं वाटतं? माझं सोडा. तुमचं सांगा.”

ते लाजले. एवढा मोठा माणूस, बटणांकडे बोट दाखवून लाजला. “शर्ट. तुझी आई लावते ना, नको वाटतं. एकदा माझं मीच लावायचंय.”

“बस?”

“बस काय? पाच बटणं आहेत.”

तेवढंच त्यांना हवं होतं. तीन महिन्यांत त्या बोटांसाठी आम्ही काहीच केलं नव्हतं. माझ्या तक्त्यात बोटांना रकानाच नव्हता. मग सुरू झालं. रोज सकाळी अंघोळीनंतर ते खिडकीशी बसायचे. डाव्या हाताने उजवा हात उचलून छातीशी आणायचे आणि बटण चिमटीत पकडायला बघायचे. पहिल्या आठवड्यात एकही नाही. दुसऱ्या आठवड्यात एक, खालचं. आई मदतीला गेली की, “थांब गं, मॅच चालू आहे.” मी डबा भरताना कानाने ऐकत असायचे. एक लागलं की त्यांच्या नाकातून हलकासा आवाज यायचा. तीन झाली, मग परत दोन. मी आकडा कुठे लिहिला नाही, कुणाला फोनवर सांगितलं नाही.

एप्रिलमधला तो सोमवार. कंपनीत बाहेरची तपासणी होती, मला उशीर झाला होता, कंपनीची गाडी खाली हॉर्न देत होती. पप्पांनी हाक मारली. “ए, इकडे बघ.”

पाचही बटणं लागलेली होती. वीस मिनिटं तरी लागली असतील. कपाळावर घाम होता. फक्त सगळी एक घर चुकून लागली होती. एका बाजूची कॉलर हनुवटीला टेकलेली, खाली शर्ट वाकडा लोंबलेला.

मी ते पाहिलं आणि माझे हात आपोआप पुढे गेले. आयुष्यभर चूक दिसली की दुरुस्त करणारे हात. “वाकडं झालंय, थांबा,” म्हटलं आणि पाचही बटणं सोडली, पुन्हा लावली, कॉलर सरळ केली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी मागे सरकून बघितलं तेव्हा पप्पा म्हणाले, “हां. आता झकास.” ‘चांगल्या जागी आहे’ म्हणणारा तो आवाज मी मैदानावर ऐकला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पर्स उचलली आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी बसले नाहीत. आईपुढे छाती करून उभे राहिले. त्यानंतर पप्पा अकराच दिवस होते. अकराही दिवस बटणं आईनेच लावली.