द्यायची साडी

परात उचलायला वाकले आणि मागून टर्र आवाज आला. साडी फाटली, कमरेपासून पार गुडघ्यापर्यंत. आतला परकर दिसायला लागला. हळदीला आलेल्या बायका अंगणात बसलेल्या. आधी एक हसली, मग सगळ्या.

मी पांढऱ्या केसांची म्हातारी, पोळ्यांची परात धरून तशीच उभी. खाली ठेवावी तर परत वाकावं लागतं. न ठेवावी तर मागं हात कसा न्यावा?

तेवढ्यात वैनी आल्या. वैनी म्हणजे ज्यांच्या घरी मी पोळ्या लाटायची त्या. त्यांच्याच पिंकीची हळद होती. त्यांनी बघितलं, कपाळाला हात लावला आणि हसत हसत म्हणाल्या, "अहो मावशी, ती नेसायची नसते हो! ती द्यायची साडी असते. पुढं देऊन टाकायची कुणाला तरी."

बायकांना अजून हसू आलं.

"आत जा आता. फोटोत येऊ नका."

कुणीतरी बैठकीवरची चादर ओढून माझ्या अंगावर टाकली. सोलापुरी चादर, जाड, दणकट. भर उन्हाळ्यात, भर दुपारी ती गुंडाळून मी घरी गेले. गल्लीतली पोरं विचारतात, "आज्जी, थंडी वाजती व्हय?"

आता ती साडी आली कुठून ते सांगते. आदल्या दिवशी वैनींनीच दिलेली. हळदकुंकू लावून, पाहुण्यांसमोर. "मावशी, हा तुमचा मान." तेव्हा मात्र फोटो काढला. मला लई बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? लगेच पिको करून आणलं, शेजारणीकडनं मिळताजुळता ब्लाऊज मागून आणला. बाईनं मानानं दिलंय तर तिच्या लेकीच्या हळदीला तेच नेसून जावं. एवढंच डोक्यात होतं.

देण्याघेण्याच्या साड्या मला काय माहीत नव्हत्या का? होत्या की. एकीनं दिली, दुसरीनं कपाटात टाकली, पुढच्या लग्नात तिसरीला दिली. पाकीट कुणी फोडतच नाही. पण ते पाहुण्यापाहुण्यांत चालतं असं मी समजत होते. मी तर रोज त्यांच्या घरात कणीक मळणारी. मला दिली ती अंगावर घालायलाच दिली, असं मी धरून चालले.

माझी लेक गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते. तिनं साडी मशीनखाली घेतली आणि परत काढली. "आई, ह्यात धागाच धरंना. हितं टाका घातला की पुढं उसवतंय."

"वाकळंला तरी हुईल का?"

"कशाची वाकळ! सुई लागली की चीर पडायली."

माहेरी मैंदर्गीला माझी अव्वा, म्हणजे आई, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. लुगडं आधी अंगावर झिजायचं, मग वाकळ व्हायचं, मग पोतेरं. ही साडी एका वाकण्यात संपली.

चादर मी धुऊन, घडी घालून परत केली. साडी ठेवून घेतली. काम सोडलं नाही. पोट हाय की. वैनी तर तो दिवस विसरूनसुद्धा गेल्या.

पगार झाल्यावर लेकीला घेऊन साडीच्या दुकानात गेले. टेकायच्या आधीच दुकानदारानं विचारलं, "द्यायच्यात का नेसायच्यात?"

सगळ्या दुकानांत हेच विचारतात. जन्मभर ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मनाला लागलं.

"नेसायची," मी म्हणाले. "सुती. कामात टिकंल अशी. आन् मला परवडंल अशी."

त्यानं माझ्या चपलांकडं बघितलं. द्यायच्याच ढिगातली एक ओढून पुढ्यात टाकली. "मावशी, स्वस्त पण पायजे आन् टिकाऊ पण पायजे? दोन्ही एका जागी कुटं असतंय व्हय?"

"का नसावं?"

लेक माझा हात ओढत होती, चल म्हणून. मी हलले नाही. वैनी सोफ्यावर बसतात. मी वाकते, उठते, ओढते, उचलते. मग दणकट कापड कुणाला पाहिजे? जिचं अंग जास्त राबतं तिच्या अंगावर चाळणीसारखं कापड, हे ठरवलं कुणी? या गावात अजून मागाचा खडखडाट ऐकू येतो. इथं बाळंतपणात अंथरलेली चादर त्या बाळाची पोरं पांघरतात. म्हणजे चांगलं विणता येतं की! आमच्यासाठी विणायचं, दाखवायचं मनात नसतं.

"वरच्या फळीवर काय हाय ते काढा. मी बसले हितं."

कुरकुरत त्यानं गठ्ठा काढला. वर धूळ. आत साध्या सुती साड्या, बारीक चौकडीच्या, पक्क्या काठाच्या. भाव विचारला तर मला झेपणारा.

"ह्याला चमक न्हाय," तो म्हणाला. "देण्यात चालत न्हाय, म्हणून वर टाकल्यात."

म्हणजे होतं. होतं, आणि आमच्यापासून वर ठेवलेलं होतं.

पिंकीच्या डोहाळजेवणाला मी तीच साडी नेसून पोळ्या लाटल्या. जेवणं झाल्यावर वैनींनी सगळ्यांसमोर हाक मारली. हळदकुंकू लावलं, हातात चकचकीत पाकीट ठेवलं. "घ्या मावशी, तुमचा मान."

मी पाकीट तिथंच फोडलं. आमच्यात असं कुणी करत नाही, दिलेलं घरी नेऊन बघायचं असतं. मी साडी उलगडली, उजेडाकडं धरली. पलीकडच्या बायकांची तोंडं दिसली त्यातून.

"वैनी, ही तुमी नेसताल का?"

"मावशी, मानाला नाही म्हणू नये."

"मान न्हाय ह्यो. तुमची अडगळ हाय. एक दिवस नेसा, पोळ्या लाटा, परात उचला. अंगावर राहिली तर मी घेते."

या वेळेला कुणी हसलं नाही. पिंकी मान खाली घालून बसली. वैनी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

"बरं," म्हणाले. लाटणं माझं स्वतःचं होतं. तेवढं घेतलं आणि निघाले.

आता नातीचं लग्न ठरतंय. लेक विचारते, "आई, देण्याघेण्याचं कसं करायचं?" मी सांगून ठेवलंय. देऊ ती नेसायचीच देऊ. झेपतील तेवढ्याच देऊ, नाही झेपल्या तर हात जोडू. आणि माझ्या हातात कुणी पाकीट ठेवलं, मग ती मालकीण असो नाहीतर सख्खी नणंद, ते मी तिथंच फोडणार. मांडवात, सगळ्यांसमोर. दोन्ही हातांनी ताणून बघणार. फाटली, तर दोन्ही तुकडे देणारीच्या हातात.