उखाणा आणि नऊचा आकडा

लोकशाहीत साधा माणूस किती सामील आहे, हे संगणकावर मोजायला दिल्लीहून पैसा निघाला होता. अर्ज मीही केला होता. सौसरच्या शाळेत शिकवत होते, राज्यशास्त्रात एम. ए. होते, आणि इथली बोली मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पैसा मिळाला कोणाला? ज्याला मराठीतलं ओ का ठो कळत नव्हतं, त्या साहेबाला. मला त्यानं 'स्थानिक सहायक' केलं. म्हणजे त्याची पिशवी धरायची आणि लोक काय म्हणतात ते हिंदीत सांगायचं. काम नीट झालं तर पुढच्या अनुदानासाठी शिफारस देईन, म्हणाला. मी मुकाट्यानं पिशवी धरली.

साहेबाचा मुक्काम पांढुर्ण्याच्या रेस्ट हाउसात. अंगात इस्त्रीचा सफारी, तोंडात सदानकदा 'सहभाग'. त्याच्या फॉर्मात प्रत्येक उत्तराला आकडा होता: हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन, आणि उत्तरच दिलं नाही तर नऊ. हे आकडे म्हणे दिल्लीचा संगणक खाणार होता. खाऊ दे मेला! त्यात कामाची गोष्ट एकच होती. मतदार यादीतून सुटलेल्यांचे पूर्ण भरलेले फॉर्म आणून दिले तर त्यांची नावं यादीत चढवू, असं तहसिलीतल्या बाबूनं कबूल केलं होतं.

त्या आशेवर रामाकोन्याची एक बाई आली. संत्र्याच्या तोडणीला जायची. तिची पोरगी माझ्या वर्गात होती. मागच्या निवडणुकीत यादीत नाव नाही म्हणून तिला रांगेतून परत धाडलं होतं, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

"बाई, औंदा माहं नाव चढलंच पायजे," तिनं आल्या आल्या मला बजावलं. "सारी आळी हासून राहिली होती माह्यावर."

पहिलाच प्रश्न नवऱ्याच्या नावाचा. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही; शेजारीण सांगते, नाहीतर लेकरू. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ते नाव पाठ होतं, हजेरीत तिच्या पोरीच्या नावापुढे रोज वाचत होते. मी तोंड उघडलं तर साहेब खेकसला, "मॅडम, जवाब इनको खुद देना है!" अक्कल पाहा शहाण्याची!

बाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि त्या परक्या पुरुषासमोर, हळदीकुंकवाला घ्यावा तसा उखाणा घेतला. "संत्र्याच्या बागेत पाटाचं पानी..." आणि दुसऱ्या ओळीत नवऱ्याचं नाव, आडनावासकट, लख्ख. घामानं डबडबली होती बिचारी.

"ये गाना क्यों गा रही है?" साहेबानं घड्याळ पाहत मला विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. पण तो आधीच चिडला होता, आणि माझ्या शिफारशीवर संध्याकाळी त्याचीच सही व्हायची होती. मी म्हटलं, "कुछ नहीं साहब, ऐसे ही."

त्यानं नऊ ठोकला. फॉर्म अपुरा म्हणून बाजूला गेला. तिला वाटलं, झालं काम. जाताना माझ्या हातात दोन संत्री ठेवून गेली.

पुढे अहवालात साहेबानं लिहिलं की या भागातल्या स्त्रिया राजकारणाबाबत उदासीन आहेत. हात जोडावेत अशा विद्वत्तेपुढे! मला शिफारस मिळाली, अनुदानही मिळालं. विषय काय, तर लोकशाहीतला स्त्रियांचा सहभाग. थू! त्या पैशावर मी विदुषी झाले.

निवडणुकीत माझी ड्यूटी रामाकोन्यालाच लागली. ती सकाळीच आली, नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. मी यादीची पानं दोनदा उलटली. नाव नव्हतं. मागच्या बाया हसू लागल्या, तेव्हा ती टेबलावर वाकली आणि हळूच म्हणाली, "पन बाई, मी तर त्यायचं नाव घेतलं होतं ना? तुमी तर होत्या तिथं."