मास्तरांची कोनदार अक्षरं

तोंड गोड आणि हातात सुरी असल्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. अबुंदियो मास्तरांच्या हातात दिवसभर सुरी असायची.

तेवाकान गावात आखाड्यासमोर त्यांचा छापखाना आणि त्याच्या दारातच माझी मेमेलांची शेगडी. मक्याची जाड भाकरी, वर घेवडा नि लाल चटणी. मास्तर रोज सकाळी एक खायचे आणि रोज तेच विचारायचे, "काय एलोइनाबाई, तुमचा पोरगा रेमिहिओ कसा आहे? गाद्यांच्या कारखान्यात बरं चाललंय ना?"

"बरं चाललंय." पण रोज कशाला विचारायचं हो माणसानं?

कुस्त्यांची पत्रकं ते लाकडी अक्षरांनी छापत. अक्षरं कोरायची स्वतःच. तळहाताएवढी, दणकट, आणि नुसते कोपरेच कोपरे. गोलाई औषधालाही नाही. त्यांचा 'ओ'सुद्धा आठ कोनांचा. "पत्रक धावत्या बसमधून वाचायचं असतं बाई," ते म्हणायचे. "गोल अक्षर नजरेवरून घरंगळून जातं. कोपरा रुतून बसतो." त्याच अक्षरांत कोंबड्यांच्या झुंजी छापायचे, सर्कस छापायचे. खाटकाला 'कुत्रा चावतो' अशी पाटी करून दिली, तर टपालवाला त्याच्या दारी जाईना. लग्नपत्रिका घेऊन कुणी आलं की मात्र हाकलून द्यायचे. "या अक्षरांत नवरानवरी कुस्तीला उभे राहिल्यासारखे दिसतील!"

आता माझी गोष्ट. मुखवटा घालून लढणारा तांबडा धूमकेतू म्हणजे माझा रेमिहिओ. हे त्याला, मला आणि आखाड्याच्या मालकिणीला ठाऊक. आखाड्यात बसून मी कधी त्याच्या नावानं ओरडले नाही, जीभ चावून बसायचे. आणि त्या रविवारी त्याची काळ्या विंचवाशी मुखवट्याची कुस्ती ठरली. हरेल त्यानं सगळ्यांसमोर मुखवटा काढायचा नि खरं नाव सांगायचं. मुखवटा गेला की धूमकेतू संपला. मग जन्मभर गाद्यांत कापूस भरा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांनी मागच्या खोलीला पडदा लावला. मालकीण आली, त्यांच्या कानाशी लागली, माझ्याकडे न बघता निघून गेली. माझी मेमेला न खाता!

शनिवारी मास्तर शाई आणायला गेले आणि मी सरळ पडदा बाजूला केला. मेजावर सीडरच्या सुवासिक लाकडाची ताजी फळी. कोरलेली अक्षरं उलटी होती, पण पोटच्या पोराचं नाव उलटं असलं म्हणून आई ओळखत नाही होय? रेमिहिओ सान्दोवाल. इतकी मोठी, इतकी धारदार अक्षरं मास्तरांनी कधी कोरली नव्हती.

ते परत आले तेव्हा मी त्यांचीच सुरी घेऊन उभी होते. "ठरलं ना तुमचं? माझ्या पोराला पाडायचं ठरलं! म्हणून आधीच नाव कोरून ठेवलंत!"

"आधी सुरी खाली ठेवा. धार जाईल तिची."

"धार गेली खड्ड्यात!"

"हरणाऱ्याचं खरं नाव दुसऱ्या सकाळी भिंतीवर लागायला हवं," मास्तर म्हणाले. "एका रात्रीत कोरून होतं का? म्हणून मालकीण मला दोन्ही नावं आधी सांगते, मी दोन्ही कोरतो. जिंकणाऱ्याचं जाळायचं, त्याच्या घरच्या माणसासमोर. माझ्या बापापासूनची रीत आहे."

"मग दुसरं कुठंय?"

त्यांनी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेल्या फळीकडे बोट केलं. मी हात घातला तसं मनगट धरलं माझं. "बघायचं नाही. तेही कुणा आईचं पोर आहे."

"कशावरून तिथं नाव आहे? कोरं लाकूड असेल!"

"मग वरून चाचपा."

मी कापडावरून बोटं फिरवली. कोपरे टोचत होते. नाव होतं खरं. तरी माझी खात्री पटेना.

"मास्तर, रेमिहिओचं तुम्हाला याच आठवड्यात कळलं?"

"त्याचे खांदे गादी कारखान्यातले नाहीत, धूमकेतूचे आहेत, ते मला पहिल्या कुस्तीलाच दिसलं."

"अन् रोज कारखान्याची चौकशी करायचात!"

"तो कारखान्यात असतो, हे रांगेतल्या लोकांच्या कानावर पडायला नको?"

मी सुरी मेजावर ठेवली. पण रविवारी आखाड्यात बसले तेव्हाही माझा एक डोळा मास्तरांवरच होता. विंचवानं रेमिहिओला दोरांवरून खाली फेकलं तेव्हा मी मास्तरांच्या नावानं बोटं मोडली. मग माझं पोर उठलं, विंचवाच्या छातीवर बसलं आणि पंचानं विजयाची तिसरी थाप मारली. सगळा आखाडा "धूमकेतू! धूमकेतू!" म्हणून नाचत होता. मीही तेच ओरडले. दुसरं काय ओरडणार?

सकाळी भिंतीवर विंचवाचं खरं नाव लागलं होतं. एक बाई त्यासमोर उभी राहून हातानं कागद सारखा करत होती. मला तिकडे बघवेना.

मास्तर रेमिहिओच्या नावाची फळी घेऊन शेगडीशी आले. "घाला."

"दुसरी प्रत नाही ना ठेवलीत?"

"जाऊन खोली तपासा."

मी खरंच गेले. कापडाखाली बघितलं, मेजाखालीही. काही नव्हतं. परत येऊन फळी मांडीवर घेतली. पदराआड एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. किती सुरेख कोरलं होतं मेल्यानं! भिंतीवर लागलं असतं तर टेकडीवरूनही वाचता आलं असतं. मग मी ती विस्तवात सरकवली.

रांगेतल्या एकानं नाक वर केलं. "वा! वास छान सुटलाय आज. काय जाळताय?"

मी त्याला खालवर न्याहाळलं. इतकी चौकशी कशाला हवी याला?

"काही नाही," मी म्हटलं. "जुनं फळकूट."