जास्वंदीसाठी घेतलेली लेन्स

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. माल खोटा दिला नाही, भावातही लुबाडलं नाही. जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते गिळून बसला, आणि ते मला चोरीहून वाईट वाटतं.

मी या शहरात आलो तेव्हा ना ओळख होती ना भाषा. विजेच्या सामानाच्या दुकानात पडेल ते काम केलं, भाव करता करता कन्नड शिकलो, आज राजाजीनगरात माझं स्वतःचं दुकान आहे. काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. म्हणून हे जास्त लागलं.

बायकोला जास्वंदीचं वेड. आमच्या गच्चीवर कुंड्यांतून पाय ठेवायला जागा नसायची. एका जास्वंदीचा पराग ती दुसरीच्या तुऱ्यावर लावायची, ओळखीसाठी देठाला दोरा बांधायची आणि बोंड धरलं तर त्यातलं बी पेरायची. बहुतेक वेळा बोंड गळायचं. एकदा मात्र बी रुजलं, रोप कमरेएवढं झालं आणि त्याला कळ्या आल्या. दुसऱ्या कुणाच्याही घरी नसलेलं फूल येणार होतं.

"याचा फोटो नीट काढायचा हं," ती म्हणाली. "मागचं सगळं विरघळलेलं असतं ना, तसा. वाळत घातलेले कपडे नकोत, शेजारच्या अक्कांची टाकी नको. नुसतं फूल, पार आतपर्यंत."

घरात कॅमेरा होता, पण त्याच्यासोबत आलेल्या झूम लेन्सने टाकी काही विरघळत नव्हती. चौकशी केली. कळलं की झूम नसलेली, मोठ्या तोंडाची लेन्स लागते. तिच्यावरचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं आणि मागचं तितकं पुसट. तेवढं घोकून मी त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो.

वस्तू कशासाठी हवी हे मी भाव ठरेपर्यंत सांगत नाही. गरज कळली की भाव चढतो, हे माझ्याच दुकानात रोज घडतं.

दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने दोन वापरलेल्या लेन्स समोर ठेवल्या. एक पन्नास मिलिमीटरची, लहानशी, हलकी. दुसरी पंच्याऐंशीची, वरवंट्यासारखी जड, आणि तोंडाचा तो आकडा पहिलीपेक्षा लहान.

"लग्नाचं काम का, सर?"

"असंच."

"असंच म्हणून कोणी ही लेन्स घेत नाही."

"मी घेतो."

मी पंच्याऐंशीची लावून काउंटरच्या अलीकडून त्याच्याच चेहऱ्याचा फोटो काढला. कपाळावरचं गंध, भुवईचा केस न केस स्पष्ट. आणि मागे देवाच्या तसबिरीवरचा शेवंतीचा हार म्हणजे नुसता पिवळा धूर. मी मनातून तिथेच हरलो, पण तोंड वाकडं केलं. "आत धूळ आहे."

"स्वल्प आहे. फोटोत येत नाही."

"भावात येते."

"सर, ही नवरीला लावायची लेन्स आहे. तुम्ही भाजीचा भाव करताय."

"भाजी आदल्या दिवशीची असली की पडतोच भाव."

दोनदा मी उठून दारापर्यंत गेलो. दोनदा त्याने हाक मारली. शेवटी "सरी, ठीक आहे," म्हणून त्याने हात टेकले. "लेन्स दिली. आता मलाही घरी घेऊन चला, भांडी घासतो."

बिल झालं. तो लेन्स फडक्यात गुंडाळत होता. मी खुशीत होतो, म्हणून सांगून टाकलं, "फुलांसाठी घेतलीय. बायकोच्या जास्वंदीला कळी धरलीय."

त्याचा हात थांबला. त्याने माझ्या कोपराखालच्या काचेच्या खणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सूपर, सर," तो म्हणाला. "फूल चेन्नागि बरुत्ते." छान येईल म्हणे.

फूल उमललं त्या सकाळी बायकोने मला हलवून उठवलं. कडेला हळदीचा रंग, आत जाता जाता विटकरी, आणि तळाशी जांभळट काळोख. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. मी कॅमेरा घेऊन वाकलो. लेन्स नुसती घरघरत राहिली. फूल धुक्यात. मागे सरकलो, तरी धुकं. दोन हात लांब गेलो तेव्हा कुठे स्पष्ट दिसलं, पण लांबूनच, आतला काळोख बटणाएवढा. या लेन्सला त्याहून जवळचं दिसतच नाही. माणसाच्या चेहऱ्याला तेवढं अंतर पुरतं. दुकानात काउंटरच्या रुंदीनेच मला ते कळू दिलं नव्हतं.

मी चिडलो, ओरडलो, कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. बायको ऊन अडवायला पांढरी चादर धरून शेजारी उभी होती, तिच्यावरही खेकसलो. तिने चादर खाली ठेवली आणि मोबाइलवर एक फोटो काढला. त्यात हळद आणि विटकरी यांचा एकच भडक लाल गोळा झाला. मग माझा फोटो पाहून ती म्हणाली, "टाकी मात्र छान विरघळलीय हो."

संध्याकाळी फूल मिटलं. जास्वंद दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

मी लेन्स घेऊन दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं!"

"बिल झाल्यावर."

मग त्याने तोच काचेचा खण उघडला आणि एक कडी काढली. आत काच नाही, काही नाही, नुसती पोकळ. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये ती लावली की लेन्स जवळचं बघू लागते. "घ्या, तशीच न्या," तो म्हणाला. मी ती घेतली. घ्यायला नको होती असं आता वाटतं, पण झाडावर अजून दोन कळ्या होत्या.

त्या पिवळ्या पडून गळल्या. मागोमाग रोपही खालून कुजत गेलं. बायकोने कुंडी बदलली, माती बदलली, फांद्या लावून पाहिल्या. एकही जगली नाही. कडी लावून मी साध्या लाल जास्वंदीचा फोटो काढला. अगदी तिला हवा होता तसा आला, परागाचा कण न कण मोजावा असा. तिने तो बराच वेळ पाहिला. "चांगलाय," म्हणाली. "पण ही सगळ्यांकडेच असते."

तिने त्यानंतर कुठल्या देठाला दोरा बांधला नाही. मी विचारलं तर म्हणते, "आता नको, गुडघे दुखतात." गुडघे आधीही दुखायचे.

त्या दुकानात मराठी गिऱ्हाइकं जातात, त्यांच्याकडून हे त्याच्या कानावर जाईल. म्हणून आता थेट त्यालाच सांगतो. भाव पाडला म्हणून राग होता, तर माझ्या तोंडावर काढायचा. मी तयार होतो. लेन्स परत घेऊ नका, पैसेही नकोत. तुमचा हात थांबला तेव्हा तुम्हाला माहीत होतं, हे मी पाहिलंय. मी बायकोला घेऊन येणार आहे. मला नका सांगू. कन्नडमध्ये सांगा, हिंदीत सांगा, पण तिच्याकडे बघून सांगा, तुम्ही गप्प का बसलात?