साधनाच्या पेटीतली हिरवी साडी

माझा पुतण्या गोटीराम, त्याची बायको साधना. मखमलाबादला वीस गुंठे गुलाब, कडेनं थोडी मेथी-कोथिंबीर, एवढाच त्यांचा संसार. पहाटे फुलं खुडायची, साधनानं ती बाजारात नेऊन विकायची, सकाळी दहाच्या आत घरी. त्यात दोन पोरांची फी, विहिरीवरच्या मोटारीचं बिल, औषधं. तरी तिनं कुणापुढं हात पसरला नाही. तिला घाम फुटायचा तो मैत्रिणींच्या कार्यक्रमांनी.

शाळेपासूनच्या चार-पाच जणी. बाकीच्यांचे नवरे नोकरीत, पगार एक तारखेला. फोनवर त्यांचा ग्रुप आणि ग्रुपवर रोज काहीतरी. आज जांभळ्या साड्या नेसून हॉटेलात वाढदिवस, उद्या लग्नाचा वाढदिवस. आमच्या वेळी वाढदिवस गुरुजी ठरवायचे, शाळेत नाव घालताना; अख्ख्या वर्गाचा एक जून. केक कापायचा म्हटला असता तर चाळीस पोरांत एक पुरला असता! एकीनं तर कुत्र्याचा वाढदिवस केला. साधनानं काय न्यावं? गुलाबाचा हार नेला. कुत्र्यानं तो खाऊन टाकला. सगळ्या हसल्या, फोटो निघाले, हिचे पैसे वाचले. मी आठ दिवस हीच गोष्ट गावभर सांगत होतो.

पण वास्तुशांत, बारसं, डोहाळेजेवण म्हटलं की हार चालत नाही, साडी लागते. त्यासाठी साधनाकडं पत्र्याची पेटी होती. आपल्याला आहेरात आलेली साडी घडी न मोडता पेटीत ठेवायची आणि पुढच्या कार्यात दुसरीला द्यायची. सगळ्याच बाया हे करतात, बोलत कुणी नाही. साधनाची तऱ्हा एवढीच, की प्रत्येक साडीला ती टाचणीनं चिठ्ठी लावायची. कुणी दिली, कधी दिली. म्हणजे जिची तिलाच परत जायला नको.

गेल्या पौषात साधनाची सासू, म्हणजे माझी भावजय नवसाबाई, वारली. ब्याऐंशी वर्षांची, कडक बाई. सुनेला 'साधे' म्हणून हाक मारायची. जगात दुसरं कुणी तिला तसं म्हणत नव्हतं. दहाव्याला साधनाच्या भावानं दुखवट्याची साडी आणली. घाईत दुकानातून उचललेली, ती नेमकी हिरवीगार, आंब्याच्या काठाची. आमच्यात दुखवट्याची साडी घरातच वापरून जुनी करतात. दुसऱ्याच्या शुभकार्यात ती कधी जात नाही. साधनानं ती खांद्याला लावली, घडीवर चिठ्ठी टोचली, 'आईंचा दहावा', आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

चौदा फेब्रुवारी उलटली की गुलाबाला कुणी विचारत नाही. त्याच पंधरवड्यात चार कार्यक्रम आले. पेटी रिकामी होत गेली. पूजाच्या वास्तुशांतीला निघताना साधनानं घाईत हात घातला, हिरवी साडी लागली. तिला चिठ्ठी नव्हती. भाव नसलेल्या फुलांची काळजी डोक्यात. कुणाची आहे हे आठवत बसायला वेळ कुठला? दिली.

पुढच्या महिन्यात रूपालीचं डोहाळेजेवण होतं, नाशिक रोडला, दुपारी चार वाजता. ही रूपाली त्यांच्यातलीच. आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात मूल गेलं. आता सातवा लागला होता, सगळ्या जपून होत्या. झोपाळ्याची फुलं साधनाकडं होती. त्या दिवशी बाजारातून येऊन ओटीसाठी खण शोधायला तिनं पेटी उपसली. तळाशी टाचणीला अडकलेली चिठ्ठी. आपलंच अक्षर, ‘आईंचा दहावा’.

फुलं गोटीरामच्या मोटारसायकलवर पुढं धाडून ती तडक पूजाच्या घरी गेली.

“अगं बाई, कार्यक्रम चारला आणि तू बारालाच तयार?”

“पूजा, वास्तुशांतीला मी चुकून दुसरीच साडी दिली गं. हिरवी. बदलून देते.”

पूजा आधी हसली, मग कानापर्यंत लाल झाली. “खरं सांगू? राग मानू नकोस. तृप्तीच्या बाळाच्या बारशाला दिली मी ती. पण काल तुझ्या आजींना सांगितलं की!”

“माझ्या कोण आजी?”

“नऊवारीतल्या, अनवाणी. मला वाटलं तुमच्यातल्याच. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, पाणीसुद्धा नको म्हणाल्या. एवढंच, ‘साधेची हिरवी साडी कुठं हाय?’”

बाहेर ऊन रणरणत होतं. साधनाच्या दंडावर काटा उभा राहिला. पूजानं नवसाबाईला कधी बघितलं नव्हतं. बघणार कुठून? ती बाई मळा सोडून जातच नव्हती.

तृप्ती इंदिरानगरात चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट दोन दिवस बंद. साधना धापा टाकत वर पोचली आणि तिनं काही विचारायच्या आतच तृप्ती म्हणाली, “तुम्हा दोघींचं काय चाललंय? सकाळी आजी, आता तू!”

“वर आल्या होत्या?”

“चार मजले! आणि धाप नाही लागलेली. दाराबाहेर उभ्या होत्या, पण आवाज अगदी माझ्या कानाशी. ‘पोटुशीला दिली का?’ म्हणाल्या. मी म्हटलं, हो, कालच रूपालीकडं पाठवली, तिला आज नेसायला हिरवीच हवी होती. तर नुसत्या बघत राहिल्या गं. पापणी न हलवता. मी आत वळून परत बघते तर कुणी नाही. बाळ मात्र दाराकडं बघून हात पुढं करत होतं. अजून करतंय बघ.”

साधनानं बाळाकडं बघितलं नाही. जिना उतरताना एका मजल्यावर तिला वाटलं, आपल्या पावलांमागं आणखी एक पाऊल पडतंय. ती थांबली, तेही थांबलं.

हे मला सांगताना ती रडत होती आणि मी, खोटं कशाला बोलू, हसत होतो. नवसाबाईनं जितेपणी इंदिरानगर डोळ्यांनी बघितलं नाही, आणि मेल्यावर चार मजले चढली!

रूपालीचा फोन बंद होता. साधनानं आयुष्यात पहिल्यांदा नाशिक रोडपर्यंत स्वतंत्र रिक्षा केली. वाटेत तीन खोट्या गोष्टी जुळवल्या. साडीला भोक आहे. रंग जातो. दुकानदारानं परत मागितलीय. दुखवट्याची साडी दिली म्हणून सांगायचं म्हणजे आपण फिरवलेली साडी देतो, हेही सांगणं आलं. मग त्या ग्रुपात तोंड कसं दाखवायचं? आणि न सांगावं, नि रूपालीला काही झालं तर?

हॉलच्या दारात रूपालीची सासू कुसाबाई उभी होती, चांदवडकडची ठसठशीत बाई.

“आलीस का बाई! ती म्हातारी सांगतच व्हती, सून यील म्हणून.”

“कुठं आहेत?”

“ह्या खुर्चीवर बसली व्हती की आत्ता. म्हणली, सून आल्याबिगर पोरीला हिरवी साडी नेसवू नका. का, ते सून सांगंल तिच्या तोंडानं. मी म्हणलं, असंल काय तरी मानपान.”

खुर्ची रिकामी होती. साधना तिला वळसा घालून आत गेली, मागून कुसाबाई.

आत रूपाली केस बांधून, साडी मांडीवर घेऊन बसली होती. पाठोपाठ पूजा-तृप्तीही येऊन पोचल्या. रूपाली म्हणाली, “अगं, पाहुणे आलेत, आणि सासूबाई साडी नेसू देईनात. काय भानगड आहे ही?”

साधनानं तोंड उघडलं ते पहिलं खोटं बोलायलाच. तेवढ्यात दाराबाहेर फरशीवरून खुर्ची खरखरत सरकली. सगळ्यांनी ऐकलं.

“रूपाली,” साधना म्हणाली, “ती नेसू नकोस. माझ्या सासूच्या दहाव्याला आलेली आहे, दुखवट्याची. माझ्याकडं नवी घ्यायला पैसे नव्हते. पेटीतली पूजाला दिली. चूक माझी आहे.”

पूजानं तृप्तीकडं बघितलं, तृप्तीनं फरशीकडं. रूपालीनं साडी फेकली नाही. दोन्ही हातांनी उचलून साधनाच्या हातात ठेवली आणि हळूच विचारलं, “तुझ्या सासूबाई कधी गेल्या?”

“पौषात.”

“मग बाहेर कोण बसलंय?”

कुसाबाई दाराबाहेर बघून आली. पिशवीतून तिनं स्वतःची जुनी हिरवी साडी काढली आणि सुनेला नेसवली.

कार्यक्रम झाला. ओटी भरायची वेळ आली तेव्हा साधना खांबाआड उभी होती. रूपालीनं झोपाळ्यावरून हाक मारली, “ये ना गं.”

“माझ्या हातात काही नाही रूपाली.”

“ताटात गहू आहेत. ओंजळभर घाल.”

जेठात रूपालीला मुलगी झाली, पावणेतीन किलोची, रडणारी, धडधाकट. तेव्हापासून साधना ग्रुपवर आधीच लिहून टाकते, साडी जमणार नाही, फुलं आणीन. तृप्तीही आता तेच लिहिते, फुलांच्या जागी डाळीचे लाडू.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं. ऊन उतरल्यावर हिरवी साडी पिशवीत घालून साधना सिटी बसमध्ये बसली. खिडकीकडची जागा तिनं का कोण जाणे रिकामी सोडली. कंडक्टर आला, तिच्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, थोडा अदबीनं वाकला आणि म्हणाला, “दोन ना ताई?”

एका रुपयासाठी बाजारात अर्धा तास भांडणारी बाई ती. तिनं पिशवी छातीशी धरली, मान वर केली नाही, आणि दोन तिकिटांचे पैसे मोजून दिले.